दोन किलोची गोधडी

झोपेची तक्रार घेऊन माझ्याकडे कुणी येत नाही. मूल बोलत नाही, शाळेत एका जागी बसत नाही, चावतं, न्हाव्याला केसांना हात लावू देत नाही, अशा तक्रारी येतात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पनवेलला मुलांचं काम करते आणि आठवड्यातला एक दिवस गव्हाण, शेलघर, न्हावे या पट्ट्यात घरोघरी जाते. पहिल्या भेटीत दिवसाचं सगळं विचारून झालं की मी रात्रीवर येते. कोण कुठे निजतं, दिवा कधी मालवता, मूल किती वाजता झोपतं, मध्येच उठलं तर त्याच्यासोबत कोण जागतं. यावर बहुतेक आया आधी नवऱ्याकडे बघतात. मग बोलायला लागतात, आणि माझी पुढच्या घरची वेळ हुकते.

गव्हाणच्या त्या घरात उत्तर आजीनं दिलं. "रातचे दोन वाजतात मॅडम. कदी तीन. आन मग सकालचे उठत नय."

मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न, बोलणं मोजक्या शब्दांचं. बाप बंदराच्या बाजूला एका कंटेनर यार्डात रात्रपाळीला, त्यामुळे जागरण सगळं आईच्या वाट्याला. निजायची वेळ झाली की मुलगा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावायचा, खांदा भिंतीवर आपटायचा, आडवा केला की उसळून उठायचा. दिवसा मात्र तो सापडायचा नाही. मागच्या खोलीत भिंतीशी गाद्यांची आणि रजयांची चळत रचलेली असायची. तो तिच्या तळाशी शिरायचा आणि वरच्या तीन गाद्या अंगावर घेऊन निपचित पडून राहायचा. आजीचं मीठ-मिरच्या उतरवून झालं होतं. आईला भीती होती की हा एक दिवस गुदमरणार. तिची भीती खरी होती आणि मुलाची गरजही खरी होती. माझं काम या दोन्हींच्या मधलं.

अंगाला होणारे सगळे स्पर्श सारखे नसतात. हलका, सरकता, अचानक झालेला स्पर्श माणसाला जागं करतो. मानेवर मुंगी चढली की आपण दचकतो ते त्यामुळेच. भरीव, स्थिर, अंगभर पसरलेला दाब बऱ्याच जणांना निवांत करतो. रात्री सुनेला नाहीतर नातवाला "जरा पाय चेपून दे" म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. आमच्या शास्त्रात ही मांडणी अमेरिकेतल्या ए. जीन एअर्स यांनी केली. त्यांचं मूळ पुस्तक १९७२ सालचं. टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न असलेल्या प्राध्यापिकेची हकिगत तर आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. किशोरवयात सावत्र वडिलांच्या बहिणीच्या पशुपालन केंद्रावर असताना त्यांनी पाहिलं, की लस टोचण्यासाठी दोन फळ्यांच्या मध्ये दाबून धरलेली बुजरी गुरं एकदम शांत होतात. त्यांनी स्वतःसाठी तसंच लाकडी यंत्र बनवलं. दाब किती आणि किती वेळ, हे ठरवणारा दांडा मात्र त्यांच्या स्वतःच्या हातात होता. या हकिगतीतला हा भाग सांगायचा राहून जातो, आणि माझ्या मते सगळं त्यातच आहे.

गव्हाणच्या मुलानं आपलं यंत्र गाद्यांच्या चळतीत शोधलं होतं. त्याला दांडा तेवढा नव्हता.

"औषध नय देणार?" आजीनं विचारलं. मी म्हटलं, औषध माझ्याकडे नसतं, ते डॉक्टरांकडे. झोपेसाठी बालरोगतज्ज्ञांना दाखवायला मी सांगितलंच होतं. पोटात जंत, नाक चोंदणं, लोह कमी असणं, रात्रीचे झटके, या गोष्टी आधी बघायच्या असतात. "मग तू काय करतंस?" हा प्रश्न मला सवयीचा आहे. आमची विद्या आपल्याकडे पोचून पाऊणशे वर्षं झाली तरी तिची ओळख अजून दारोदार करून द्यावी लागते. आशियातलं पहिलं शिक्षणकेंद्र १९५० साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झालं. ते उभं केलं कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या त्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. १९३० साली विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इकडच्या झाल्या. त्या काळात ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे प्रामुख्याने विणकाम, शिवणकाम, सुतारकाम असायचं. रुग्णाच्या हाताला काम देऊन शरीर आणि मन रुळावर आणायचं. पुढे आमच्या कपाटांत परदेशी साधनं आली आणि सुई-दोरा मागे पडला. गव्हाणात तो मला परत उचलावा लागला.

तसं एक वजनदार पांघरूण त्या घरात आधीच आलेलं होतं. जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटमुळे बऱ्या स्थितीत असलेल्या एका नातेवाइकानं मोबाइलवर बघून मागवलेलं. राखाडी, बाहेरून मखमली, वजन सात किलो. मुलगा वीस किलोचा. मी ते उचलून बघितलं आणि पुन्हा पिशवीत घालून माळ्यावर ठेवायला सांगितलं. बाजारात अंगाच्या वजनाच्या दहा टक्के असा एक हिशेब रूढ आहे. त्याला फार पक्का शास्त्रीय आधार आहे असं नाही, पण मुलांच्या बाबतीत वरची मर्यादा म्हणून तो बरा पडतो. आणि वजन सोडलं तरी त्या कापडाचं काय करायचं? ती पांघरुणं बर्फाच्या देशात सुचलेली आहेत. आमच्याकडे एप्रिलपासून खाडीवरून जी दमट हवा सुटते, तिच्यात साधी चादरही अंगाला चिकटते. त्यात वीज गेली की पंखा बंद. पॉलिएस्टरचं सात किलो अंगावर घेऊन या हवेत मोठा माणूससुद्धा निजणार नाही.

म्हणून शिवायचं ठरलं, आणि शिवणारी शेजारीच निघाली. त्या आळीत गोधड्या शिवणारी एक काकी आहे. सत्तरीच्या आसपासची, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. शिमगा झाला, वाल काढून झाले, की पाऊस पडेपर्यंत तिच्या ओटीवर कुणाची ना कुणाची गोधडी अंथरलेली असते. मी तिला माझ्या मोबाइलवर चित्र दाखवलं: कापडाचे चौकोन, प्रत्येक चौकोनात थोडं थोडं वजन. तिनं ते लांब धरून पाहिलं. "यात नवीन काय? आमची गोधरी पन जडच असते."

ती बरोबर बोलत होती. नऊवारी सुती लुगडं अर्ध्या किलोच्या पुढेच भरतं. पाच-सहा लुगड्यांचे थर आणि वरून दाट धावदोरा, म्हणजे तीन किलोची गोधडी सहज होते. घाटावरच्या घोंगड्या तर अंगावर घेतल्या की माणूस हलत नाही. थंडीसाठी केलेल्या त्या वस्तूंनी झोपेला काही मदत होत असेलच. पण गोधडीचं वजन वाढवायचं म्हणजे थर वाढवायचे, आणि थर वाढले की ऊब वाढते. मला ऊब न वाढवता वजन हवं होतं. शिवाय घरोघरच्या जुन्या साड्या आता सुती राहिलेल्या नाहीत. काकीकडे येणारं बोचकं सोडलं की त्यातून घसरती, चकचकीत सिंथेटिक साडी निघते. ती घाम टिपत नाही आणि टाकाही धरत नाही. अशा साड्यांच्या गोधडीला काकी "पलास्टिक" म्हणते आणि मजुरी जास्त लावते.

तेव्हा दोनच सुती थर आणि मधे भराव. भरावाला काय घ्यायचं, यावर ओटीवर जी चर्चा झाली तिला अख्खी आळी जमली. तांदूळ म्हटल्यावर आजीनं हात जोडले. अन्न अंगाखाली-अंगावर घ्यायचं नाही, आणि उंदीर येतील ते वेगळेच. दोन्ही मुद्दे मला पटले. वालांना पावसाळ्यात भुंगा लागतो. रेती चाळून धुऊन घेतली तरी तिची माती कापडातून झिरपत राहते, आणि मुलानं अंथरूण ओलं केलं तर ती वाळत नाही. एकीनं मीठ सुचवलं. हा खारेपाटाचा भाग, मिठागरात राबलेल्या बायका त्या ओटीवरच बसलेल्या. त्याच हसायला लागल्या. मृगाचा पहिला पाऊस पडला की पोरगा खारवेल, म्हणाल्या. स्वीडनमध्ये काही पांघरुणांत धातूच्या साखळ्या घालतात. त्यांतून हवा खेळते आणि आमच्या हवेला ते फार छान, पण किंमत आमच्यासाठी नव्हे. शेवटी काचेचे अगदी बारीक, गुळगुळीत गोल मणी मागवले. ते धुता येतात, किडत नाहीत, आवाज करत नाहीत, आणि जागा कमी घेतात म्हणून कापड फुगत नाही.

हिशेब असा केला. तीन फूट बाय चार फूट, चार-चार इंचांचे चौकोन, म्हणजे नऊ आडवे, बारा उभे, एकूण एकशे आठ. प्रत्येकात अठरा ग्रॅम मणी, म्हणजे दोन किलोला जरा कमी. किराणा दुकानातून लहान काटा आणला आणि कागदाचं नसराळं केलं. एक ओळ शिवायची, नऊ कप्पे भरायचे, वरून बंद करायचे, मग पुढची ओळ. काकीनं मला पहिल्या ओळीलाच थांबवलं. कप्पा असा सुटा ठेवलास तर मणी खालच्या कोपऱ्यात बसतील आणि तिथं बोचेल, म्हणाली. तिनं प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक टाका घातला. वजन पसरून राहिलं. परदेशी पांघरुणांत हेच काम आत पातळ कापसाचा थर घालून करतात, म्हणजे पुन्हा ऊब आलीच.

वरून सुती खोळ लागणारच होती, कारण पावसाळ्यात दोन किलोची ओली वस्तू वाळवायची म्हणजे चार दिवस, आणि तोवर कुबट वास. खोळीला चेन लावू का, असं काकीनं विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं आणि का ते तिला सांगितलं. २०२२ साली अमेरिकेत मुलांची अशी दोन लाखांवर पांघरुणं बाजारातून परत घ्यावी लागली. चार आणि सहा वर्षांच्या दोन मुली चेन उघडून खोळीच्या आत शिरल्या होत्या आणि अडकून गेल्या. त्याच्याही आधी, २००८ साली, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात नऊ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा शाळेत वजनदार पांघरुणात गुंडाळलेला असताना दगावला. काकी ऐकत होती. तिनं चेन बाजूला ठेवली, खोळीला वीतभर तोंड ठेवलं आणि तिथं नाड्या शिवल्या. मुलाचं डोकंच काय, हातही आत जाऊ नये असं.

या दोन घटनांमुळेच मी गोधडी तयार झाल्यावर लगेच रात्री वापरू दिली नाही. आधी ती दिवसा आली, खेळ म्हणून. मुलगा चटईवर, गोधडी पायांवर, आणि मी "फेक" म्हटलं की त्यानं ती उडवून द्यायची. मग कमरेपर्यंत. मग पोटापर्यंत. प्रत्येक वेळी फेकली की आजी मोठ्यानं टाळ्या वाजवायची, तिला या खेळाची मुलापेक्षा जास्त गोडी लागली. एकदा त्यानं न सांगता गोधडी स्वतःकडे ओढली, थोडा वेळ पडून राहिला आणि स्वतःच काढून टाकली. त्या दिवशी मी आईला म्हटलं, आता रात्री चालेल. छातीच्या वर न्यायची नाही, पावलं बाहेर ठेवायची, पंखा चालू, तू शेजारी, आणि गाढ झोपला की हळूच काढून घ्यायची. तो जमिनीवर निजत होता हेही सोयीचं. पलंगावर अशी पांघरुणं कडेनं लोंबतात आणि स्वतःच्याच भारानं रात्रभर खाली घसरत राहतात.

"यानं झोपेल ना?" आईचा प्रश्न. खोटं सांगून भागत नाही, कारण पुढच्या आठवड्यात त्याच घरी जायचं असतं. इंग्लंडमध्ये स्वमग्न मुलांवर झालेला एक चांगला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सदुसष्ट मुलं, पाच ते सोळा वयाची. प्रत्येकाला काही दिवस वजनदार आणि काही दिवस साधं पांघरूण, मनगटावर झोप मोजणारं यंत्र. वजनदार पांघरुणानं झोपेची मिनिटं वाढली नाहीत, झोप लवकरही लागली नाही. तरीही मुलांना आणि आईबापांना तेच पांघरूण जास्त आवडलं. हे मी तिला जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. ती म्हणाली, "झोप नय वाढली तरी चालंल. ते धावनं थांबू दे."

तिच्या वहीत पुढचे आठवडे जे लिहून आलं, ते त्या अभ्यासाला धरूनच होतं. मुलगा अजूनही उशिराच झोपत होता. पण दहानंतरची धावाधाव, भिंतीवर आपटणं, चावणं कमी कमी होत गेलं. गोधडी घेऊन तो पडून राहायचा, छताकडे बघत, बोटांनी चौकोन चाचपत. आणि हा पडून राहायला लागल्यावर बाकीच्या गोष्टी करता आल्या. आधी त्या सांगून उपयोगच नव्हता. टीव्ही पुढच्या खोलीत गेला. जेवण लवकर झालं. दिवा मालवायची एक वेळ ठरली, सकाळी उठवायची त्याहून पक्की. दोनाचा एक झाला, एकाचे बारा व्हायला पावसाळा उजाडला. याचं श्रेय गोधडीला किती आणि सकाळी सातला कडक आवाजात उठवणाऱ्या आजीला किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. आजीला मात्र तिचा वाटा पक्का माहीत आहे. गाद्यांच्या चळतीखाली जाणंही थांबलं. काकीनं उरलेल्या मण्यांची मांडीवर घ्यायची एक लहान पट्टी केली होती, ती दिवसा पुरायची.

या सगळ्यात गव्हाणच्या रात्रीचाही हात आहे. गावात कुणालाही झोपेचं विचारा, पहिलं उत्तर मिळतं ते ट्रेलरचं. १९८९ साली जेएनपीटी बंदर सुरू झालं, तेव्हापासून गव्हाण फाट्यावरून कंटेनर चोवीस तास वाहतात. मग नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवली गेली. त्या वर्षांत भांडी मांडणीवर थरथरायची असं बायका सांगतात. २०२४च्या जानेवारीत अटल सेतू झाला, २०२५च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचं उद्घाटन. जमिनी सिडकोकडे गेल्यावर जी कामं हाताशी आली त्यांतली बरीच पाळ्यांची आहेत: यार्ड, गोदामं, सुरक्षा, गाड्या. पूर्वी गाव शांत झोपायचं असंही मी ऐकते, पण ते मला तितकंसं पटत नाही. आजीच सांगते, तिच्या माहेरी पुरुष खाडीवर जायचे ते भरती-ओहोटीच्या वेळेनं, घड्याळाच्या नाही. आणि उधाणाला बांध फुटला की मध्यरात्री सगळी आळी चिखलात. झोप तेव्हाही मोडायची. फरक मला एवढा दिसतो, की भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासानं सरकते, आणि आधीच ठाऊक असते. यार्डातली पाळी फोन करून बदलतात.

मुलाच्या बापाचं तेच. सकाळी घरी यायचा तेव्हा ऊन चढलेलं, पत्र्याची शेड तापायला लागलेली, आळीत मिक्सर आणि टेम्पो. एके दिवशी आईनं हसत सांगितलं, की दुपारी ते मुलाची गोधडी पोटावर घेऊन झोपतात. बापाला काही त्रास होतो का विचारलं, तर काही नाही. मग माळ्यावरची सात किलोची पिशवी खाली आली. तो धडधाकट, सत्तर किलोचा, दमा-रक्तदाब काही नाही. मी हरकत घेतली नाही, फक्त मखमली खोळ काढून सुती घालायला सांगितली. मोठ्यांच्या बाबतीत पुरावा थोडा जास्त आशादायक आहे. २०२० साली स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्य, चिंता, अतिचंचलता असे आजार आणि निद्रानाश दोन्ही असलेले एकशेवीस लोक, चार आठवडे, अर्ध्यांना साखळ्यांचं वजनदार पांघरूण, अर्ध्यांना तसंच दिसणारं हलकं. वजनदारवाल्यांपैकी साठेक टक्के लोकांचा निद्रानाश निम्म्यावर आला. हलक्यावाल्यांत पाच टक्क्यांचा. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण अंगावर आठ किलो आहे की दीड, हे कुणाला कळत नाही? आणि जड आहे म्हणजे काम करणार, असं ज्याला आधीच वाटतं त्याला बरंही वाटतं. तिथल्याच उप्साला विद्यापीठात २०२२ साली सव्वीस तरुणांची लाळ तपासली. जड पांघरुणाच्या रात्री निजण्याआधीचं मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडल्यावर मेंदूतून पाझरणारं संप्रेरक, सुमारे एक तृतीयांशानं जास्त भरलं. झोपेचा एकूण वेळ मात्र तेवढाच. पुन्हा तेच. झोपेच्या उंबऱ्याशी काहीतरी घडतं आहे, झोप लांबत नाही.

बाप झोपतो हे कळल्यावर आळीतून मागण्या यायला लागल्या आणि माझं काम अवघड झालं. मुलाचा एक चुलता ट्रेलर चालवतो. भरीव बांधा, आखूड मान. "मना पन करून दे, झोप होतच नय. आठ तास निजतो तरी जेएनपीटीच्या लायनीत डोला लागतो." मी त्याच्या बायकोकडे वळून विचारलं, घोरतात का? ती म्हणाली, सगळी आळी ऐकते. आणि घोरता घोरता मध्येच एकदम थांबतात, मी हलवते, मग परत सुरू. अशा माणसाच्या छातीवर वजन ठेवायचं नसतं. घशातली वाट झोपेत मिटते, श्वास अडतो, मेंदू त्याला अर्धवट जागं करतो, रात्रभर शेकडो वेळा असं होऊ शकतं. त्याला वाटतं आपण आठ तास झोपलो. तो झोपेत असतो तेव्हा त्याला स्वतःला धोका, आणि तो जागा असताना रस्त्यावरच्या सगळ्यांना. मी गोधडी नाकारली आणि स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी, करून घ्यायला सांगितलं. तो नाराज झाला. पोराला देता, मला देत नाही. पुढे बायकोनं त्याचं घोरणं मोबाइलवर टिपलं आणि जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर वाजवलं. त्या अपमानानं जे केलं ते माझ्या समजावण्यानं झालं नव्हतं. आता तो नाकावर मास्क चढवून, हवेच्या दाबानं घशातली वाट उघडी ठेवणारं सीपॅपचं यंत्र लावून झोपतो, आणि त्या मास्कला रोज शिव्या देतो.

आजीलाही मी विचारलं होतं, तुमच्या पायांसाठी एक पट्टी करू का. तिनं तरुणपणी मिठागरात मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहिलेल्या. "जलमभर वझी वाहिली बाय. आता निजताना तरी नको." मी पुन्हा तो विषय काढला नाही. सगळ्यांना दाब आवडत नाही. काहींना तर त्यानं कोंडल्यासारखं होतं, आणि ते कळायला त्यांच्या चेहऱ्याकडे बघणं पुरेसं असतं.

काकीचा मात्र या निमित्तानं एक जोडधंदा झाला. उलव्याच्या सोसायट्यांमधून, शाळेतल्या इतर पालकांकडून विचारणा येते. काय काय विचारायचं याचा मी तिला एक कागद लिहून दिला होता, तिला वाचायला त्रास होतो म्हणून तो नातीनं भिंतीवर चिकटवला. खरं तर तिला कागदाची गरज नाही. येणाऱ्याला ती आधी ओटीवर बसवते, पाणी देते, आणि विचारते: कुणासाठी, वय काय, किलो किती, दमा-बिमा, फेफरं आहे का, आणि सगळ्यात आधी किंवा शेवटी, "त्याला सोताच्या हातानं काढता येते का?" नाही म्हटलं की काकी मापाची फीत उचलतच नाही. मजुरी ती चौकोनावर घेते, किलोवर नाही. किलोवर घेतली असती तर लोकांनी जास्त जड मागितली असती, असं तिचं गणित आहे. आणि शिवणाऱ्याचाही लोभ वाढतो, असं तिनं हसून वर जोडलं.

मध्यंतरी मी तिच्याकडे बसले असताना एक जोडपं आलं. मोटारीतून, चांगल्या घरातलं. पाच महिन्यांचं बाळ रात्री रडतं, बाळासाठी छोटी, अर्ध्या किलोची करून हवी होती. काकीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तान्ह्याला नय." त्यांनी समजावून पाहिलं, की अर्धा किलो म्हणजे काहीच नाही, परदेशात बाळांसाठी तयार मिळतात. हे खरं आहे, मिळतात. आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली स्पष्ट लिहून ठेवलंय, की तान्ह्या बाळाच्या अंगावर किंवा जवळ वजन घातलेलं पांघरूण, दुपटं, झबलं, काहीही ठेवू नये. मी ते सांगायला तोंड उघडणार तोच काकी बाळाच्या आईला म्हणाली, "रातचा पंखा लावतंस का एसी? किती कपडे घालतंस त्याला?" आईनं यादी सांगितली: बनियन, झबलं, टोपी, मोजे, वरून दुपटं. एप्रिल महिना चालू होता.

"आधी त्याची टोपी काढ," काकी म्हणाली, आणि अंथरलेल्या गोधडीवर पुन्हा दोरा भरायला लागली.